मिस्टर बीनचा पूर्ण डीव्हीडी सेट: क्लिपमधला बीन आणि एपिसोडमधला बीन

कोपऱ्यातला_प्रेक्षक
मिस्टर बीन माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड, पण मिस्टर बीनचा एक तरी अख्खा एपिसोड पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलाय असं छातीठोक सांगणारा शोधायला गेलात तर दमाल. सगळ्यांनी तुकडे पाहिलेत. डोक्यात अडकलेली ती टर्की कोंबडी, परीक्षेतली कॉपी, पोहण्याच्या तलावावरची उंच फळी. कोणी विमानात पाहिलं, कोणी फोनवर, कोणी दुसऱ्याच्या फोनवर मान वाकडी करून. मी पण त्यातलाच. आता मूळ मालिकेचा पूर्ण डीव्हीडी सेट हाताशी आला आणि ठरवून क्रमाने पाहिला, फॉरवर्ड न करता, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात माहिती. मालिका तशी इवलीशीच आहे. १ जानेवारी १९९० ला ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर पहिला एपिसोड लागला आणि १९९५ ला कारभार आटोपला. सलग कथानकवाले म्हणाल तर १४ एपिसोड, त्यात 'द बेस्ट बिट्स ऑफ मिस्टर बीन' हे निवडक प्रसंगांचं संकलन धरलं तर १५. सहा वर्षांत एवढंच! त्यातला 'हेअर बाय मिस्टर बीन ऑफ लंडन' तर तेव्हा टीव्हीवर आलाच नाही, थेट व्हिडिओवर विकायला आला, तिकडच्या टीव्हीवर लागायला २००६ उजाडलं. लिहिणारे रोवन अ‍ॅटकिन्सन, रॉबिन ड्रिस्कॉल आणि रिचर्ड कर्टिस, पहिल्या एपिसोडला बेन एल्टन पण होता.

आता मुद्दा. तुकड्यांमध्ये बीन मूर्ख दिसतो, अख्ख्या एपिसोडमध्ये तो मूर्ख वाटत नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं. तुकड्यात काय असतं, टर्की डोक्यात अडकलेली दिसते, आपण हसतो, संपलं. एपिसोडमध्ये आधी तो टर्कीत सारण भरतोय, भरता भरता मनगटावरचं घड्याळ आत गेलंय, दाराशी पाहुणी यायची वेळ झालीय, हात घालून घड्याळ मिळेना म्हणून बघायला डोकं आत. प्रत्येक पायरी बरोबर आहे! त्याच्या जागी आपण असतो तर तिसऱ्या पायरीवर थांबलो असतो इतकाच फरक. तो थांबत नाही.

बागेतलं सँडविच बघा, 'द कर्स ऑफ मिस्टर बीन' मधलं. शेजारच्या बाकावर एक साधा माणूस आपला डबा काढून खातोय आणि बीन कोटातून पाव काढतो, कात्रीने कापतो, क्रेडिट कार्डाने लोणी लावतो, सॅलडची पानं धुऊन मोज्यात घालून गरागरा फिरवून पाणी काढतो, मिरी रुमालात धरून बुटाने ठेचतो, चहा गरम पाण्याच्या रबरी पिशवीत. हे सगळं शांतपणे, एकेक, जराही घाई नाही. मिनिटामागून मिनिटं जातात आणि आपण एका माणसाला सँडविच करताना बघत बसलेलो असतो. आणि मग शिंक येते. क्लिपवाल्यांनी काय ठेवलं? शिंक.

अ‍ॅटकिन्सन स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, आधी न्यूकॅसल युनिव्हर्सिटी आणि मग ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात एमएस्सी. मला तरी बीनमध्ये तो इंजिनिअर पदोपदी दिसला. अडचण आली की हा रडत नाही, ओरडत नाही, आजूबाजूला काय सामान आहे ते बघतो.

तर तुम्ही कोणी सलग पाहिलंय का? तुकड्यांत बरं वाटलं की पूर्ण? आणि कुठला एपिसोड कंटाळवाणा वाटला ते पण सांगा, मला दोन वाटले, नंतर सांगतो.

चकवा
पयला. निवांत वाचून लिहितो.

सुतारपक्षी
घरातली रंगरंगोटी!!! 'डू इट युवरसेल्फ मिस्टर बीन'. खोलीतली एकूण एक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळतो, द्राक्षाचा एकेक मणी सुद्धा, आणि मग रंगाच्या डब्यात फटाका. हे सगळ्यांना माहितीय. पण त्याच्या आधीचं अर्धं एपिसोड कोणाला आठवतंय? आदल्या रात्री त्याने नवीन वर्षाची पार्टी ठेवलीय, दोनच मित्र आलेत, खायला काही नाही म्हणून खिडकीबाहेरच्या झाडाच्या काड्या तोडून मार्माइटमध्ये (पावाला लावायचा यीस्टचा खारट लेप) बुडवून देतो. ते दोघं इतके वैतागतात की घड्याळाचे काटे पुढे करून बारा वाजवतात आणि शेजारच्या पार्टीत पळतात. बीन खूश होऊन झोपायला जातो. मग त्या दोघांपैकी एक विसरलेली टोपी घ्यायला दबकत येतो आणि बरोबर त्याच वेळी स्फोट, भिंतीवर टोपी घ्यायला वाकलेल्या माणसाचा कोरा आकार.

नुसती स्फोटाची क्लिप पाहिली तर तो आकार म्हणजे कुठला तरी माणूस. पूर्ण पाहिलं तर तो रात्री फसवून पळालेला पाहुणा. म्हणजे हिशेब चुकता झाला ना! धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत.

तिरकस_तात्या
मंडळी, लोकप्रवाहाविरुद्ध बोलतो, सांभाळून घ्या. बीन हा अ‍ॅटकिन्सनचा सगळ्यात कमी ताकदीचा अवतार आहे असं माझं ठाम मत. ज्याची जीभ एवढी धारदार त्याला मुका करून ठेवला. त्याच्या स्टेजवरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, 'रोवन अ‍ॅटकिन्सन लाइव्ह', अमेरिकेत प्रेक्षकांसमोर केलेलं, जोडीला अँगस डेटन. त्यात तो सैतान होऊन नरकात आलेल्यांचं स्वागत करतो, टोबी नाव सांगतो, आणि एखाद्या ऑफिसातल्या अधिकाऱ्यासारखा यादी हातात धरून लोकांना गटागटाने उभं करतो. एकेका शब्दावर जो काही दाब देतो ना, तो ऐका. मुख्याध्यापक होऊन एका बापाला मुलाबद्दल सांगतो ते पण त्यातच. तिथे चेहरा आहे, शरीर आहे आणि भाषा पण आहे. बीनमध्ये भाषा काढून टाकली, मग उरतं काय, तोंड वेडंवाकडं करणं. पोरांना आवडतं, मान्य.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
तात्या, लाइव्ह मी पाहिलंय आणि मलाही जबरदस्त आवडतं. पण तोंड वेडंवाकडं करणं एवढंच उरतं हे अजिबात पटलं नाही. आणि गंमत म्हणजे तुम्ही म्हणताय तो अँगस डेटनच त्या बागेतल्या बाकावर बसलाय, सँडविच एपिसोडमध्ये! स्टेजवर तो सरळ माणूस आणि अ‍ॅटकिन्सन वाकडा, बागेतही तेच. तो काही करत नाही, फक्त बघतो, आणि त्याच्या बघण्यामुळे आपल्याला कळतं की हे किती विचित्र चाललंय. त्या शॉटमधून डेटन काढा, निम्मी मजा गेली.

रिळवाला
सेट घेतलेल्यांसाठी कामाची गोष्ट, कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही मालिका जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेली आहे, ४:३. आताचे टीव्ही रुंद. बहुतेकांच्या घरी टीव्ही आपोआप चित्र ताणून स्क्रीन भरतो आणि मग बीन जाडा दिसतो, त्याची चिमुकली मोटार, मिनी, एखाद्या लांबलचक गाडीसारखी दिसते. काही जण झूम करतात, ते तर त्याहून वाईट, कारण वरून आणि खालून चित्र कापलं जातं. बातम्यांना चालेल. इथे माणूस अभिनय करतोय बोटांनी, बुटांनी, भुवयांनी. तुम्ही भुवया आणि बूट कापून टाकले तर बघणार काय? टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दिसतील, दिसू देत.

दुसरं, डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय ते, बघून घ्या. अमेरिकेतली रीजन १ आणि युरोपातली रीजन २, सगळ्या प्लेअरवर चालत नाहीत. शिवाय मूळ टेप ब्रिटनची म्हणजे पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकन डिस्कसाठी ती तिकडच्या एनटीएससी पद्धतीत बदलावी लागते आणि त्यात हालचाल किंचित अडखळल्यासारखी होऊ शकते. दोन्ही मिळत असतील तर मी डोळे झाकून युरोपची घेईन.

चकवा
रिळवाले भाऊ, काळ्या पट्ट्या दिसल्या की आमच्या घरात "टीव्ही बिघडलाय" म्हणून आरडाओरडा होतो.

अनुजा_वाचते
मी मागे सगळे एपिसोड पाहिलेत, क्रमाने नाही पण सगळे. हसले भरपूर, तरी एक सांगायचंय. आपण बीनला निरागस निरागस म्हणतो, तो निरागस वगैरे काही नाही. स्वार्थी आहे! परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहितो, रांगेत घुसतो, ती निळी तीनचाकी रिलायंट दिसली की तिला रस्त्यावरून उडवूनच पुढे जातो आणि त्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याला कधीच दिसत नाही, तरी मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि त्याची मैत्रीण इर्मा गॉब. ती बिचारी तीन एपिसोडमध्ये येते. ख्रिसमसच्या एपिसोडमध्ये ती जवाहिऱ्याच्या खिडकीतल्या अंगठीकडे बोट दाखवते, आणि ह्याला वाटतं तिला तिथे मागे लावलेलं त्या जोडप्याचं जाहिरातीचं चित्रच हवंय. ख्रिसमसला तो ते चित्र देतो. तिचा चेहरा पडतो. मग तो अंगठीची डबी काढतो, ती खुलते, आणि डबीत चित्र टांगायचा हुक! ती रडत निघून जाते आणि त्यानंतर मालिकेत परत येतच नाही. सगळी टर्की टर्की करतात त्याच एपिसोडचा हा शेवट आहे. टर्कीवर पोट धरून हसलेल्या माणसाला पाच मिनिटांत असं काही दाखवतात की हसावं की काय कळत नाही. क्लिपमध्ये हे कधी दिसलं नाही मला.

सई_०७
अनुजाताई, हुकवर तर मी सगळ्यात जास्त हसले होते, आता लाज वाटतेय.

बाळबोध
मला प्रश्न पडलाय की ते मागचं हसणं खरं आहे की चिकटवलेलं? मला त्याचा भयंकर त्रास होतो. हा माणूस बोलत नाही, शांतता आहे, आणि मागून हाहाहा. बंद करायची सोय हवी होती डिस्कवर.

रिळवाला
खरं आहे. स्टुडिओतले प्रसंग प्रेक्षकांसमोरच व्हायचे. बाहेरची शूटिंग आधी करून ती त्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवायचे आणि त्यांचं हसणं रेकॉर्ड करायचे. म्हणजे डब्यातलं हसणं नाही ते.

मंदाकाकू
इथे मला बोलायलाच हवं, नाटक बघण्यात आयुष्य गेलंय. बाळबोध, ते हसणं काढलं तर बीन कोसळेल हो. आपल्याकडे नटाला म्हणतात ना, हशा वसूल करता आला पाहिजे. म्हणजे हशा आला की थांबायचं, पण हात लटकवून नाही थांबायचं, काहीतरी करत राहायचं, आणि हशा उतरायला लागला, पूर्ण उतरलेला नाही, की पुढची कळ दाबायची. हे समोर माणसं असल्याशिवाय जमत नाही. अ‍ॅटकिन्सन हे करतो ते मी अक्षरशः हाताने मोजलंय टीव्हीसमोर बसून. हॉटेलातला प्रसंग बघ, स्टेक टार्टारवाला. वाढदिवस म्हणून एकटा आलाय, स्वतःच स्वतःला शुभेच्छापत्र लिहून टेबलावर ठेवतो (इथे पहिला हशा, आणि जरा पोटात कालवतं पण), मग बशीत कच्चं मांस येतं, कच्चं आहे हे त्याला माहीत नव्हतं. खाववत नाही आणि परत पाठवायची लाज. मग लपवालपवी. साखरेच्या भांड्यात, फुलदाणीत, पावाच्या पोटात, शेजारच्या बाईच्या पर्समध्ये, व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या पँटीत. दर लपवणुकीनंतर तो जो निष्पाप चेहरा करून बसतो ना, ती त्याची हशा वसूल करायची जागा. तेवढा वेळ प्रेक्षक हसून घेतात आणि तो मात्र पुढची जागा शोधतोय डोळ्यांनी.

क्लिप कापणारे नेमकं हे बसणं कापतात. त्यांना वाटतं इथे काही घडत नाहीये. इथेच तर घडतंय!

बाळबोध
काकू तुमचं वाचून परत बघितलं आत्ता. ठीक आहे, त्रास थोडा कमी झाला. पूर्ण नाही गेला.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
मंदाकाकू, साष्टांग. मला हे तीन परिच्छेदांत सांगता आलं नव्हतं.

ह्याच्याशी जुळणारी एक गोष्ट. बीन टीव्हीवर यायच्या आधी स्टेजवर होता. १९८७ ला मॉन्ट्रियलच्या विनोद महोत्सवात अ‍ॅटकिन्सनने मुद्दाम फ्रेंच कार्यक्रमांच्या यादीत स्वतःला घालून घेतलं, आयोजकांना कळेना की ह्याला फ्रेंचमध्ये काही बोलायचं नाहीये तर हा तिकडे कशाला जातोय. त्याला बघायचं होतं की इंग्रजी न समजणारे लोक हसतात का. म्हणजे तात्या, ती जीभ काढून टाकली नाही, ठरवून बाजूला ठेवली आणि आधी तपासून पण घेतलं. पुढे पहिल्याच एपिसोडला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या टीव्ही महोत्सवाचं गोल्डन रोज हे बक्षीस मिळालं, तिथे परीक्षक वेगवेगळ्या देशांचे असतात.

तिरकस_तात्या
ते सगळं ठीक. बक्षीस मिळालं म्हणजे मला आवडायला पाहिजे असं नाही. पण काकूंचा पॉजचा मुद्दा बिनतोड आहे, एवढं मान्य. आणि चर्चमधला प्रसंग मी बाजूला काढतो, तो स्टेजच्याच ताकदीचा आहे. भजनाचे शब्द येत नाहीत म्हणून पुटपुटतो आणि अलेलुया आलं की छत फाटेल असा गातो. रिचर्ड ब्रायर्स हा नट शेजारी. झोपेने मान गळते, माणूस हळूहळू जमिनीपर्यंत जातो. त्यात वस्तू जवळजवळ लागतच नाहीत. नंतर नंतर वस्तू वाढत गेल्या, स्फोट, रणगाडे. तिथे माझा रस संपला.

सुतारपक्षी
रणगाड्याला काही बोलायचं नाही तात्या!! 'बॅक टू स्कूल'. पार्किंगला जागा नाही म्हणून तिथे उभी असलेली अगदी तशीच दुसरी मिनी ढकलून बाजूला करतो आणि आपली लावतो. ती जागा कशासाठी राखून ठेवलेली होती, तर लष्कराला रणगाड्याखाली गाडी चिरडून दाखवायची होती. स्वतःच्या हुशारीने स्वतःची गाडी गेली. आणि शेवटी त्या चपट्या लोखंडातून तो काय उचलतो, कुलूप! दाराला बाहेरून लावलेलं ते कुलूप. चोरांपासून गाडी वाचवायला लावलेलं.

निशाचर
मी लहान असताना कार्टूनवाला बीन आधी पाहिला, २००२ पासून येतो तो. खरा माणूस आहे हे नंतर कळलं आणि खरं सांगतो, सुरुवातीला खरा बीन आवडला नव्हता, फार हळू वाटला. कार्टूनमध्ये दर दहा सेकंदांनी काहीतरी पडतं, फुटतं. आता उलट झालंय, कार्टून बघवत नाही. कार्टूनमध्ये हात लांब होऊ शकतो, माणूस सपाट होऊ शकतो, त्यामुळे अडचण ही अडचणच राहत नाही. 'द ट्रबल विथ मिस्टर बीन' मध्ये तो उशिरा उठून गाडी चालवता चालवता कपडे घालतो, पँट, बूट, टाय, मग दात घासतो आणि चूळ भरायला काचेवर मारायचं पाणी वापरतो, हे बघताना आपल्याला मजा येते कारण हे सगळं एका खऱ्या, दोनच हात असलेल्या माणसाने केलंय. त्याच एपिसोडला ब्रिटनमध्ये १ कोटी ८७ लाखांच्या आसपास प्रेक्षक होते म्हणे, आणि पुढचा दाताच्या डॉक्टरचा प्रसंग तर विचारूच नका. रिचर्ड विल्सन डॉक्टर, त्यालाच भुलीचं इंजेक्शन टोचलं जातं, मग हा स्वतःच स्वतःचे दात भरायला बसतो. एक्सरे बघून! शास्त्रशुद्ध.

सई_०७
हसून हसून पुरेवाट. शास्त्रशुद्ध.

अनुजा_वाचते
निशाचर, दाताचा प्रसंग मला बघवतच नाही, हात आपोआप गालावर जातो.

बरं धागाकर्ते, ते कंटाळवाणे दोन कुठले? सांगतो म्हणून गायब.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
सांगतो. 'टी ऑफ मिस्टर बीन' आणि 'माइंड द बेबी'. शिव्या देऊ नका. बेबीवाल्यात जत्रेतले खेळ एकामागून एक येतात, बाळ बरोबर आहे म्हणून हसायचं, पण बाळाची अडचण सुटता सुटत नाही आणि वाढत पण नाही, नुसती खेचली जाते. गोल्फवाल्यात पहिली काही मिनिटं भारी आहेत, चेंडू हाताने उचलायचा नाही एवढा एकच नियम आणि हा तो प्रामाणिकपणे पाळतो, चेंडू जाईल तिथे गावभर मागे जातो. कल्पना एक नंबर आहे. पण ती कल्पना पाच मिनिटांची आहे असं वाटलं मला.

उलट ज्यात काहीच घडत नाही असे माझे आवडते. सेटमध्ये 'द लायब्ररी' नावाचं एक जादा स्केच आहे, टीव्हीच्या एपिसोडांत नसलेलं. जुन्या दुर्मिळ पुस्तकांचं वाचनालय, आवाज करायचा नाही. पुस्तकावर डाग पडतो, तो पुसायला जातो, मोठा होतो, मग खोडायचा पांढरा रंग लावतो, मग पान कापावं लागतं. बीनला मुळात बोलायचं नसतंच, आणि इथे तर बोलायला बंदीच. प्रेक्षकांचा सुद्धा श्वास अडकलेला ऐकू येतो. काही नाही, एक माणूस आणि एक पुस्तक. ज्यांच्याकडे सेट आहे आणि एक्स्ट्रा मेनू उघडला नाही त्यांनी आजच उघडा. 'द बस स्टॉप' पण तिथेच आहे, ते त्या मानाने साधं. आणि 'द स्टोरी ऑफ मिस्टर बीन' ही डॉक्युमेंटरी.

सुतारपक्षी
गोल्फला नावं ठेवलीत, मैत्री संपली. चेंडू बसमध्ये जातो तर हा बसमध्ये!! अजून काय पाहिजे.

तिरकस_तात्या
मी कोपऱ्यातल्या प्रेक्षकांशी सहमत. भविष्यात पुन्हा होईलच असं नाही, नोंद करून ठेवा.

मोरपंखी_दौत
कोणी 'बेस्ट बिट्स' बद्दल बोललंच नाही. आमच्याकडे व्हिडिओ कॅसेट तीच होती, त्यामुळे माझ्यासाठी बीन म्हणजे तेच. छत्री शोधायला माळ्यावर जातो आणि तिथे जुन्या वस्तू हाताला लागतात, एकेक वस्तू दिसली की त्याचा प्रसंग आठवतो. तुम्ही सगळे तुकड्यांना नावं ठेवताय, पण ते संकलन मला कधी तुटक वाटलं नाही. कारण त्याने तुकडे जोडायला एक कारण शोधलंय, आणि कारण सुद्धा बीनला शोभेल असं. छत्री शोधायला जाऊन भलतंच काहीतरी करत बसणं. शिवाय ते निवडणारे त्याच मंडळींतले असणार, कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं. आजच्या तीस सेकंदांच्या क्लिपशी त्याची तुलना करू नका.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
हे रास्त आहे. माझा राग संकलनावर नाही, घिसाडघाईवर आहे. परीक्षेचा प्रसंग घ्या, तो सुरुवातीपासून ठेवला तर तुकडा असूनही पूर्ण आहे. आधी शेजाऱ्याशी बोलणं, ह्याने त्रिकोणमितीचा अभ्यास केलाय, शेजारी म्हणतो मी कॅल्क्युलस केलंय, ह्याचं तोंड उतरतं. मग ती पेनं आणि खेळणी मांडणं. मग पेपर उघडला तर कॅल्क्युलस, म्हणून ती सगळी कॉपीची झटापट. आणि अगदी शेवटी घोषणा होते की कॅल्क्युलसवाल्यांनी थांबा, त्रिकोणमितीवाल्यांनी थांबा. पाकिटात दुसरा पेपर होताच! आता ह्यातलं पहिलं वाक्य कापलंत तर शेवटचं वाक्य नुसता आवाज.

मोरपंखी_दौत
आणि नेमकं तेच पहिलं वाक्य सगळीकडे कापलेलं असतं. कळलं तुम्ही काय म्हणताय ते.

बाळबोध
सगळं वाचून मलाही सेट बघावासा वाटतोय. घरात सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी, दोघींना एकत्र दाखवायचं तर कुठून सुरू करू? दोघींनाही इंग्रजी येत नाही.

मंदाकाकू
पहिला एपिसोड नको. परीक्षेत थोडं बोलणं आहे आणि समुद्रकिनाऱ्यावरचं पँट बदलणं आजींना रुचेल न रुचेल. 'द कर्स' लाव. तलावाची फळी मुलीसाठी, सँडविच आजींसाठी. सँडविचच्या वेळी मध्ये बोलू नकोस आणि समजावून पण सांगू नकोस, आजी स्वतः म्हणतील "अरे हा काय करतोय." त्यानंतर ख्रिसमसचा.

अनुजा_वाचते
ख्रिसमसचा लावणार असाल तर शेवट पूर्ण दाखवा, हुकवर बंद करू नका. आणि त्यात दुकानातल्या देखाव्याशी खेळतो ते मुलीला फार आवडेल. येशूजन्माच्या मूर्ती मांडल्यात, त्यात हा रणगाडा, डायनोसॉर, काय वाट्टेल ते आणून नाटक करतो. त्याला तिथे बघून कळतं की ह्याचं वय मुलीएवढंच आहे.

निशाचर
'रूम ४२६' मात्र आजींसोबत नको, सांगून ठेवतो. खोलीच्या बाहेर अंगावर काही नसताना अडकतो. आजींच्या स्वभावावर आहे म्हणा.

बाळबोध
आजी आमच्या सगळ्यांपेक्षा धीट आहेत, पण मुलगी प्रश्न विचारेल. 'द कर्स' ठरलं. डिस्क मित्राकडून आली की लावतो. रिळवाले, ते ४:३ चं सेटिंग रिमोटवर असतं का टीव्हीच्या मेनूत?

रिळवाला
बऱ्याच रिमोटवर वेगळं बटण असतं, चित्राचा आकार बदलणारं. नसेल तर टीव्हीच्या मेनूत पिक्चरमध्ये जाऊन आस्पेक्ट बघा. आणि डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत पण टीव्हीचा प्रकार विचारलेला असतो, तो १६:९ वरच ठेवा, नाहीतर दोघं मिळून घोळ घालतात.

चकवा
निवांत वाचून लिहितो म्हणालो होतो. वाचलं. ती रिलायंट नक्की कोण चालवतं?